मिक्सरच्या प्लगवर बिबट्याची तपासणी

आधी आली ती गुरलीन, माझ्या नातीची मैत्रीण. "दादीजी, मिक्सर का प्लग चाहिए." झालं, माझी चटणी अर्धीच राहिली. मागून नात रेवा मशीन घेऊन.

पोरी इथे हरियाणात, पिंजौरच्या जंगलातच जनावरांचं डीएनए तपासतात. आज मशीनची बॅटरी संपली. बिबट्यानं मारलेल्या वासराच्या जखमेवरची लाळ तपासायची होती, नाहीतर पिंजऱ्यात सापडलेल्या बिबट्याच्या मादीवरच आळ.

आमच्या जुन्नरकडे माझी चंद्री शेळी बिबट्यानं नेली, तेव्हाही असंच. पिंजऱ्यात सापडेल तोच चोर. मी लपून बघायला गेले, तर पिंजऱ्यातलं ते जनावर माझ्याकडेच बघत बसलेलं. मशीन चालेपर्यंत तेच डोळे आठवत होते.

"आज्जी, लाळ नराची आहे. मादी सुटली."

बायांनो, तुमच्या गावी कुणावर आला होता का असा आळ?

पोरी मादीला जंगलात सोडून रविवारी चटणी खायला येतो म्हणाल्यात, पक्का.