पूजेतली पक्कड

आमच्या घरी फळीवर अंथरायलासुद्धा पत्रकंच असत. चहाचा डबा उचलला की खालून ‘कामगारांनो, जागे व्हा’ अशी हाक यायची. त्यामुळे ठाण्यातल्या सूत रंगवायच्या कारखान्यात वायरमन म्हणून लागलो, तेव्हा व्यवस्थापनाशी होणाऱ्या लढाईचं भाषण माझ्याजवळ तयार होतं. लढाई झाली ती मात्र एका पकडीवरून.

रंगवलेलं सूत वाळवायला कारखान्यात एक गरम खोली बांधली होती. आत हीटर, पंखा आणि हवा कमीजास्त करणारी झडप. भिंतीत एक पितळी नळी. खोली फार तापली की तिच्यामुळे थर्मोस्टॅट हीटर बंद करी. हवेच्या वाटेत एक पातं होतं. हवा थांबली की ते खाली पडे आणि हीटरची वीज तुटे. हीटरची तार मी या दोघांतून नेली होती. दोघांपैकी एकाने जरी नकार दिला तरी हीटर बंद. उरली होती फक्त अर्थची तार, चुकून दारात वीज उतरली तर ती जमिनीत नेणारी, लोखंडी दारापासून अंगणात पुरायच्या पत्र्यापर्यंत. त्या दारातून ओलं सूत खांद्यावर घेऊन, ओल्या पायांनी जाणार होत्या बाळकुमच्या बायका. त्यांत माझी आत्या.

खंडेनवमीच्या सकाळी मी पत्रा पुरून, माती ओढून वर पाहतो तो शिपायाने हातातली पहारच काढून घेतली. आत गेलो तर माझी पक्कड, पेचकस सगळं पाटावर, हळदकुंकू लावून झेंडूखाली. काम करताना मेन बंद करून फ्यूज खिशात ठेवायची माझी सवय, म्हणून तेवढाच पूजेतून वाचला होता.

मॅनेजरसाहेब लगबगीने आले. “चालू कर रे. पाहुणे आलेत.”

“अर्थची तार राहिलीय, साहेब. पक्कड द्या.”

“पूजेतली? उद्या दसरा झाला की घे.”

“मग खोलीही उद्या चालू करू.”

“मुहूर्त आजचा आहे! आणि ती तार जमिनीतच जाते ना? जमिनीला वीज कशाला हवी?”

तिकडे प्रमुख पाहुणे ‘यंत्र हाच नव्या भारताचा देव’ या विषयावर बोलत होते. त्या देवाला सुखरूप करायची हत्यारं मात्र जुन्या देवापुढे अडकली होती.

“फ्यूज दे, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस,” साहेब दबक्या आवाजात म्हणाले.

मी छाती फुगवली. “श्रमिकांच्या रक्तावर...”

“तू गप रं जरा,” म्हणत आत्या मला बाजूला सारून पुढे आली. “साहेब, मुरत तुमचा, तर दार पयले तुमीच उघडा. फकस्त पाय भिजवून घ्या, आमचं असतात तसं.” आणि तिने पाण्याची बादली त्यांच्यासमोर ठेवली.

साहेबांनी बादलीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं.

“देव काही इतका हट्टी नसतो,” ते म्हणाले, आणि स्वतः झेंडू बाजूला करून त्यांनी पक्कड-पेचकस माझ्या हातात दिले.

कुंकवाने बोटं लाल झाली, पण तार घट्ट बसली. फ्यूज घातला, पंखा लावला, मग हीटर. तपासायला झडप मिटली, पातं पडलं, हीटर बंद. झडप उघडून पूजेतलं निरांजन नळीखाली धरलं. थर्मोस्टॅट टक्कन वाजला, हीटर पुन्हा बंद. नळी निवून हीटर लागल्यावर दाराला टेस्टर लावून पाहिला. पेटला नाही.

फोटोग्राफर आल्यावर साहेब दार उघडायला पुढे झाले. हाताला त्यांनी रुमाल गुंडाळला होता.

“काय साहेब, देव चावतंय का?” आत्याने विचारलं, आणि सूत खांद्यावर टाकून, कडीला उघडा हात घालून, ओल्या पायांनी आत गेली.