कोरड्या गवऱ्या

माझे सासरे कापसाच्या बाजारात मापारी होते. ताजव्याला चोरून बोट लावणं त्यांना जन्मात जमलं नाही, म्हणून व्यापारी त्यांच्यावर चिडायचे आणि शेतकरी मात्र आपली गाडी त्यांच्याच पुढ्यात उभी करायचे. असा माणूस श्रावणात गेला, तोही झडी लागलेली असताना. वाशीमचं मसण तेव्हा नाल्याकाठी, पार उघड्यावर. चिता काही पेटेना. तूप ओतलं, रॉकेल ओतलं, नुसता धूर. माणसं चिंब भिजून अर्ध्यातच घरी आली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. त्या दुसऱ्या दिवसाबद्दल माझे मालक कधी एक अक्षर बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही.

गावाला मात्र कोण गप्प बसवणार? "अग्नीनं घेतलं नाई त्याले. वरून सरळ दिसे, पन आतमंदी काई तरी असनच." मी हे विहिरीवर ऐकलं. घरी सांगायचं नव्हतं, पण माझ्या तोंडावर सगळं दिसतं, लपत म्हणून काही नाही. सासूबाईंनी खोदून खोदून काढून घेतलं. मग त्या भिंतीला टेकून बसल्या. म्हणाल्या, "सारी जिंदगी तराजू सरळ धरला माय त्या मानसानं, अन् त्याच्यावर लोकाइनं हे माप टाकलं!"

त्या वर्षापासून त्यांनी घरात जाहीर करून टाकलं की आपण पावसाळ्यात मरणार नाही. आखाड लागला की सुंठीचा काढा सुरू. अंगणात शेवाळ धरलं की त्या तिकडं पाऊलही टाकत नसत. कोणी थोडं जोरानं बोललं तरी म्हणायच्या, "मले भांडायले लावू नोको, दसऱ्यानंतर पाहू." आणि दसरा झाला की पदर खोचून गल्लीभर हिंडायच्या, "चाला, आता मेले तरी हरकत नाई!" आम्ही पोट धरून हसायचो, त्याही हसायच्या. पण आभाळ भरून आलं की त्या देवापुढं जाऊन बसायच्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. एकदा मला म्हणाल्या, "माह्या गवऱ्या मसनात गेल्या वं, अन् त्याही ओल्या!"

पुढं माझे मालक कमेटीत, म्हणजे नगरपालिकेत, निवडून आले. रस्ते, दिवाबत्ती, बाजार अशी मानाची कामं मोठ्यांनी आपसांत वाटून घेतली. मसणाचं नाव निघालं तेव्हा सगळे छताकडं पाहू लागले, आणि ह्यांनी हात वर केला. घरी आल्यावर माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "अहो, माणसं कमेटीत जाऊन नळ आणतात, तुम्ही मसण आणलंत?" ह्यांच्या आधी सासूबाईच बोलल्या, "घेऊ दे वं त्याले. आपल्याच घरचं काम होय ते."

ह्यांनी मात्र कामाला स्वतःला जुंपून घेतलं. चितेचा फुटलेला ओटा नवा बांधला. मंगरूळपीरहून एक मिस्त्री बोलावला. तो कापसाच्या जिनिंगची छपरं घालणारा मुसलमान कारागीर होता, बोलायला कमी आणि चहा प्यायला जास्त. लोखंडी खांब उभे राहिले आणि वर टिनाचं छप्पर आलं.

टीन आलं तशी बोंब झाली. आमच्या गल्लीत एक काकाजी होते. तिरडी बांधायला आणि चिता रचायला सगळे त्यांनाच बोलवायचे. सासऱ्यांची चिताही त्यांनीच रचली होती, आणि 'अग्नीनं घेतलं नाही' हे शब्दही त्या वेळी पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून निघाले होते. ते खांबाला हात लावून म्हणाले, "वरून बंद केलं तं जीव कुठून जाईन?" मिस्त्रीनं वाद घातला नाही. वर चढला, मधलं टीन हातभर उंच उचललं आणि खाली फट ठेवली. जिनिंगच्या छपराला असते तशी, धूर जाईल आणि पाऊस येणार नाही. आता जिवालाही वाट झाली. सासूबाईंनी ऐकलं तेव्हा म्हणाल्या, "जीव तं घरीच निंगून जाते लेका, मसनात कायले बसून राहीन तो?"

सगळे खूश झाले. माझे मालक तर मुंडावळ्या बांधायच्या तेवढ्या बाकी, असे मिरवत होते. आणि ऐन पावसात आमची सुईण वारली. माझी लेकरं तिच्याच हातावर झाली, अर्ध्या गावाची झाली. तिला नेली, नव्या छपराखाली ठेवली, आणि चिता पुन्हा धुपतच राहिली. काकाजी परत येऊन चौकात म्हणाले, "छप्पर असून पेटली नाई. आता बोला! नाई घेतलं अग्नीनं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या बाईनं गावाची लेकरं पहिल्यांदा हातात धरली ती पापी? मी ओसरीवरूनच ओरडले, "अग्नी काय पंच आहे का, निवाडा करायला?" लोक पाहतच राहिले. पाहू देत. मग घरात येऊन मी ह्यांना पुढ्यात बसवलं.

"गवऱ्या कुठं ठेवता तुम्ही तिथं?"

"छपराखालीच की. कोपऱ्यात, पोत्यांसारख्या रचून."

"खाली काय घातलं?"

"खाली? खाली जमीन."

"आणि वरून लिंपल्या?"

"लिंपणं बायकांचं काम आहे," ते म्हणाले, आणि म्हणता म्हणताच त्यांचं तोंड उघडं राहिलं.

हसावं की कपाळ बडवून घ्यावं, मला कळेना. आमच्याकडं पावसाळ्याआधी घरोघर गवऱ्यांचा हुडवा घालतात. खाली दगड आणि कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या, त्यावर गवऱ्या गोल गोल रचत न्यायच्या, आणि सगळ्या ढिगाला शेणमातीत कुटाराचा भुसा कालवून लिंपून टाकायचं. आत पाण्याचा थेंब जात नाही. हे बायकांचं काम, आणि बायका मसणात जात नाहीत. म्हणून घरातली गवरी पोळीसारखी कोरडी आणि मसणातली चिखल. पिढ्यान् पिढ्या बाप्ये ती ओली गवरी रचत आले, आणि पेटली नाही की मेलेल्याचं पाप काढत आले! मी हे सगळं सासूबाईंना सांगितलं. त्यांनी माझा हात घट्ट धरला.

पावसाळा सरला, हिवाळा गेला, चैत्र आला. मी गल्लीतल्या बायांना म्हटलं, हुडवा मसणात घालू, आपण स्वतः जाऊन. अर्ध्या जणींनी तोंडाला पदर लावला. काकाजी तर आमच्या दारातच येऊन उभे राहिले. "बाईमानसानं मसनात पाय ठेवू नाई. धरम बुडते."

सासूबाई आतून काठी टेकत आल्या. "काहून जी भाऊजी? बाई मेल्यावर जाते तवा कोनी अडवत नाई तिले. जिती गेली की धरम बुडते काय?"

काकाजी दारातून बाजूला सरले. त्या काठी टेकत पुढं निघाल्या, मागून मी, आणि माझ्या मागं एकेक करत सगळी गल्ली. मान खाली घालून नव्हे, डोक्यावर टोपली घेऊन. शेजारची बागवान भाभीसुद्धा आपल्या म्हशींच्या गवऱ्या घेऊन आली. मी म्हटलं, "भाभी, तुमच्याकडं तर ह्याचं काही काम नाही." ती म्हणाली, "तुम सब जा रहे, तो मैं घर में बैठ के क्या करूँ?" तेही खरंच.

तिथं गेल्यावर पहिल्यांदा आम्ही एकमेकींना चिकटूनच उभ्या राहिलो, खोटं कशाला सांगू? पण शेण कालवायला बसलं की बाई कुठंही असो, घरीच असते. बोलणं सुरू झालं, कोणीतरी गाणं धरलं. सासूबाई ओट्याच्या कडेला बसून हुकूम सोडत होत्या, "फट ठेवू नोको वं! पानी मोठं चोर असते, बोटभर जागा पुरते त्याले." संध्याकाळपर्यंत छपराच्या बाजूला पुरुषभर उंचीचा हुडवा उभा राहिला, वर आमच्या सगळ्यांच्या हातांचे ठसे. नाल्यावर पाय धुताना मला उगीचच रडू आलं. आनंदानंच आलं.

त्या पावसाळ्यात काकाजींनी अंथरूण धरलं. बाहेर झड लागलेली. त्यांचा थोरला आमच्याकडं आला, सासूबाईंना म्हणाला, "काकू, बाबानं बलावलं तुमाले." आखाडात उंबरा न ओलांडणाऱ्या माझ्या सासूबाई माझ्या खांद्यावर हात टाकून चिखलातून निघाल्या.

काकाजींच्या घरात माणसं बसलेली होती, गल्लीतली, बाजारातली. काकाजी अगदी सुकून गेले होते. सासूबाईंना पाहून म्हणाले, "वयनी, हुडवा भरला हाये नं?"

"भरला हाये."

"माह्यासाठी फोडान?"

"तुमाले कायची फिकर? तुमी तं पुन्यवान मानूस." सासूबाईंना टोला हाणायची संधी सोडता आली असती, पण त्या सोडणाऱ्यातल्या नव्हत्या.

काकाजी रडायला लागले. एवढा करारी माणूस, पण लेकरासारखा रडला. "वयनी, दादाची चिता म्या रचली. गवरी हातात घेतली तवाच समजलं मले, गचगच ओली होती. मी म्हनलं, पेटन. नाई पेटली. सारे माह्या तोंडाकडं पाहून राह्यले होते. काय सांगू त्याइले? म्हनून टाकलं, अग्नी घेत नाई."

माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना. एका माणसाची फजिती झाकायला आमच्या घरावर एवढी वर्षं डाग! मला असा राग आला की तिथंच फाडफाड बोलावं, आणि असा आनंद झाला की नाचावं. सासूबाई मात्र हलल्या नाहीत. म्हणाल्या, "पुन्हा म्हना भाऊजी. मोठ्यानं म्हना. दाराशी बसले त्याइलेही आयकू गेलं पाह्यजे."

ते उठून बसले, लेकानं पाठीला हात दिला, आणि त्यांनी सगळं पुन्हा सांगितलं. शेवटी म्हणाले, "दादाचं काई पाप नोतं. गवऱ्या ओल्या होत्या." बाजारातले एक म्हातारे आडते दाराशी बसले होते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. 

सासूबाईंनी काकाजींच्या अंगावरची घोंगडी नीट केली. "आता बिनघोर राहा," त्या म्हणाल्या. "हुडवा तुमचाच."

काकाजी गेले ते मुसळधार पावसातच. हुडवा फोडायला आम्ही बायका गेलो, कोणाची अडवायची छाती झाली नाही. आतली गवरी गवरीवर आपटली की टणटण वाजत होती. वर टिनावर पाऊस बडवत होता आणि खाली चिता अशी पेटली की बाप्यांना मागं सरावं लागलं. फटीतून धूर सरळ वर गेला. माझे मालक एका खांबाला धरून उभे होते, आणि त्यांच्या डोळ्यांतलं पाणी धुरामुळं नव्हतं.

मी भिजत घरी आले. सासूबाई ओसरीवर वाट पाहत बसल्या होत्या.

"पेटला नं?"

"धडधडून पेटला, आत्याबाई."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "आता त्याले कोनी पापी म्हननार नाई."