काळ्या पेनाने गिरवलेलं चर्च

झेरॉक्सच्या दुकानात लॅमिनेशनच्या गरम प्लास्टिकचा वास आला की मला काका आठवतात आणि आजही डोकं फिरतं. रोममधल्या एका फार जुन्या चर्चचं, एकोणिसाव्या शतकातलं पेन्सिलचित्र आमच्या घराण्यात होतं. खांबांच्या रेघा इतक्या हलक्या की कागद खिडकीशी धरावा लागे. एका नाताळाला शरणपूर रोडवर काकांकडे गेलो, तर त्यांनी ते काळ्या पेनाने गिरवून, लॅमिनेट करून भिंतीवर लावलेलं. "कुणाला विचारून?" मी म्हणालो. "पुसट झालं होतं. एक तरी खांब कमी झालाय का, बघ," काका म्हणाले, "आता शंभर वर्षं त्याला काही होत नाही." काकूंनी पुढे केलेली करंजी तशीच ठेवून मी उठलो, तो पुन्हा त्या घरी गेलो नाही. आता काका नाहीत, चित्र माझ्याकडे आलंय, आणि खरंच त्याला काही होत नाही.