आक्कानं आधीच ठरवून ठेवलेली माझी पांढरी मिशी

लातूरच्या आमच्या आक्काएवढी उलटतपासणी पोलिसांनाबी जमत न्हाई. एचआयव्हीच्या गोळ्या मिळत्यात त्या सरकारी दवाखान्यात ती समुपदेशक. बाकीचे इचारतेत, त्रास काय होतो. आक्का इचारती, "दिवसभरात न चुकता काय करतोस? खरं सांग!" आन् त्यालाच गोळी बांधून टाकती. एका म्हातारीची गोळी तिनं शेळीच्या धारंला बांधली, रेणापूरच्या एका मास्तरची दाढीला. मास्तरनं दाढी वाढवली तर फोन करून झापलं, "दाढी ठेवायची तर आधी मला इचारायचं!"

मी अहमदपूरचा, लग्नाच्या बँडमधी क्लॅरनेट वाजवतो. शाळंत गेलो तेबी मास्तरच्या पोरीच्या लग्नात वाजवायलाच. म्हणलं, "आक्का, माझं जेवण वरातीत, झोप टेंपोत. रोजचं म्हणजे एकच, सांजच्याला वाजवायला निघताना आरशात मिशी कोरतो."

"मग मिशी बघितली की गोळी. आन् साठीनंतर कुठं राहणार?"

मला हसूच आलं. "आक्का, मी वर जायच्या तयारीनं आलोय, आन् तुम्ही साठीचं काढून राहिल्या!"

"तुझी मिशी पांढरी झालेली मला बघायचीय. त्याच्या आत मेलास तर बघ!"

बँडमधी कळलं तर माझं क्लॅरनेट कायमचं बंद, ही भीती लई. आक्का म्हणली, "कुणी इचारलं तर मूळव्याधीची गोळी म्हण. लाजंनं कुणी पुढं इचारायचं न्हाई." आक्का तेवढीच एकदा चुकली.

धर्माबादला वरात व्हती. तिथली तिखटजाळ मिरची तर तुम्हाला ठावंच हाय. टेंपोच्या आरशात मिशी कोरून मी गोळी काढली, तर मागं फेटा बांधलेला नवरदेवाचा बाप. "कशाची रं?" म्हणलं, "मूळव्याधीची." त्यानं इकडं तिकडं बघितलं आन् हात पुढं केला, "एक दे की भाऊ!" त्याच्या मागं आचारी. आचाऱ्याच्या मागं आमचाच ढोलवाला, "लई कंजूष हायस लेका, दे की!" द्यावी तर भलत्याच्या पोटात भलतंच औषध आन् माझा खाडा, न द्यावी तर संशय. मी घाबरून आक्काला फोन लावला.

"दे फोन त्याच्याकडं."

मग सगळ्या वरातीदेखत त्या फेट्यावाल्याची उलटतपासणी झाली. मिरची किती, पाणी किती, रक्त पडतंय का. माणूस फोनपुढं हात जोडून "हाव म्याडम, न्हाई म्याडम" करतोय आन् घोड्यावर नवरदेव ताटकळतोय. शेवटी म्हणला, "म्याडम म्हणतेत दुसऱ्याची गोळी खायची न्हाई, मी दवाखान्यात दाखवायचं." मी तिथंच सगळ्यांसमोर माझी गोळी गिळली. तवापासून बँडमधी माझं नाव मूळव्याध्या. एवढ्या खुशीनं कुणी असलं नाव मिरवलं नसंल.

पुढं आक्काची बदली नांदेडला झाली. वर्षं गेली, मिशी पिकत गेली तसा मी तिला रंग लावायचो, औंदा सोडला. बँडमास्तर ओरडला, "नवरदेवाचा आजा दिसून राहिलास!" म्हणलं, दिसू दे. एसटी धरली, नांदेडला जाऊन आक्कापुढं उभा राहिलो.

तिनं चष्म्यावरून बघितलं. बघतच राहिली. मग चष्मा काढून पदराला पुसला, लई येळ पुसला.

"बस," म्हणली. "आता सत्तरीनंतरचं काय ठरवलंस?"

मी स्टूल ओढून तिच्यापुढं बसलो.

परतीच्या गाडीत अंधारून आलं, तशी खिडकीच्या काचंत मिशी दिसली. पांढरीफेक. मी खिशातली गोळी काढली.