काचेवरची गोल खूण

आमच्या नव्या गाडीत बटणं नाहीत, समोर नुसती टचस्क्रीनची काळी काच आहे. ती बंद असताना उन्हात तिच्यावर बोटांचे डाग दिसतात. कोपऱ्यात मात्र एक गोल घासल्याची खूण असते. मी पुसतो, ती परत उमटते.

जुन्या गाडीत तिथेच रेडिओचं गोल बटण होतं. वाटेत देऊळ आलं, की बाबा न बघता ते फिरवून आवाज कमी करायचे आणि छातीला हात लावायचे. ही गाडी यायच्या आधीच ते गेले.

काल मारुतीच्या देवळापाशी बायको म्हणाली, "अरे, काय फिरवतोयस तिथे?"

माझी बोटं काचेवर गोल फिरत होती. मी देव मानत नाही. तरी तो हात सावकाश उठला आणि माझ्या छातीला लागला.