सगळ्यात खालचं काज

काजवाली मावशी देवाशी बोलायची ती सुई हातात असताना. गुडघे टेकून, डोळे मिटून बोलायला तिची ना नव्हती, पण डोळे मिटले की तिला झोप यायची. हे ती चर्चच्या पाळकांच्या तोंडावर सांगायची. पाळक बिचारे हसून मान डोलवायचे.

मास्तरांच्या शिवणाच्या दुकानात इस्त्रीच्या टेबलामागे, खिडकीकडे तोंड करून तिची बैठक. मास्तर कापायचे, मशीनवर शिवायचे, आणि काजं हातानं करायचं काम मावशीचं. मशीनची काजं स्वस्तात होतात, पण मास्तरांची गिऱ्हाइकं जुनी आणि हट्टी होती. खडूची खूण करायची, टोकदार कात्रीनं एकच कच मारायची, मग मेणावरून ओढलेला दोरा घेऊन कापलेल्या कडेभोवती टाक्याला टाका लावत जायचं. कापडाच्या दशा निघायला लागायच्या आत बांधून टाकायचं. नवरा गेला तेव्हा लेक रांगत होती. त्यानंतर मावशीनं दुसरं काही केलं नाही. मास्तर म्हणायचे, "आमची मावशी लोकांच्या नव्या कपड्यांना भोकं पाडून पोट भरते."

या काजांवर मावशीनं माणसं वाटून दिली होती.

दर बुधवारी संध्याकाळी चर्चच्या मागच्या खोलीत आठ-दहा जण प्रार्थनेला जमायचे. आफ्रिकेत गेलेल्या मिशनऱ्यांसाठी ही प्रार्थना. भिंतीवर नकाशा होता आणि त्यावर रंगीत डोक्याच्या टाचण्या. टाचण्या मावशीनंच दुकानातून आणलेल्या, मास्तरांना सांगून की न सांगता ते देव जाणे. एक टाचणी म्हणजे आपलं एक माणूस. एक डॉक्टर, एक शाळा चालवणारं जोडपं, एक विहिरी खोदणारा. मावशी ही माणसं बुधवारी उचलायची आणि आठवडाभर दुकानात सांभाळायची. कॉलरचं काज डॉक्टरांचं. त्याखालचं शाळावाल्यांचं, मग विहिरीवाल्याचं. काज पुरं होईस्तोवर त्या माणसासाठी मागायचं, दात लावून दोरा तोडला की आमेन.

सगळ्यात खालचं काज पँटीत जातं. ते होतं 'तिथल्या लोकांचं'.

"तिथले लोक म्हणजे किती?" मास्तरांनी एकदा विचारलं होतं. मास्तर देवाधर्माच्या वाटेला न जाणारे.

"असतील पुष्कळ."

"आणि त्या सगळ्यांत मिळून एक काज?"

"देवाला कळतं सगळं. तुम्ही बाही जोडा."

पण खरं सांगायचं तर खालच्या काजापर्यंत येताना दोरा आखूड झालेला असायचा, मान आखडलेली असायची आणि चहा समोर निवत असायचा. मग चार टाके कमी. पँटीत गेलेलं काज कोण बघायला येतं?

लेक नर्स झाली. दिसायला बापावर, हट्टाला आईवर. बुधवारच्या प्रार्थनेत मावशीचं एक ठरलेलं मागणं असायचं, "हे पित्या, आमच्यातून कोणाला तरी तिकडे पाठव." वर्षानुवर्षं मागत होती. एका बुधवारी मागच्या खुर्चीवरून लेक उभी राहिली आणि म्हणाली, मी जाते.

बेकरीवाली, म्हणजे मावशीची मैत्रीण आणि वैरीण दोन्ही, घरी जाताना म्हणाली, "मागताना पत्ता नीट सांगायचा गं. 'कोणाला तरी' म्हटलंस, त्यानं जवळचं घर बघितलं."

मावशी हसली नाही. नकाशावर नवीन टाचणी तिनंच लावली. छातीवरचं काज लेकीला दिलं आणि विहिरीवाला एक घर खाली सरकला.

दोन वर्षं बरी गेली. लेक एका छोट्या दवाखान्यात होती. फोन लागला की बोलायची, नाही लागला की मावशी मास्तरांवर करवादायची. मग या वर्षी तिकडे ताप पसरला. साधा नव्हे, घरंच्या घरं आडवी करणारा. बाहेरून आलेल्यांनी निघावं असं मिशनच्या लोकांनी ठरवलं आणि न्यायला गाडी पाठवायचं कबूल केलं. बुधवारी सगळ्यांनी एका सुरात मागितलं, प्रभू, आमच्या लोकांना सुखरूप बाहेर काढ. मावशीचा आवाज सगळ्यांत वर होता.

फोन आला तो दुकानात, भर दुपारी. मावशीनं सुई टाचण्यांच्या उशीत खोचली.

"आई, तुम्ही सगळे मला इथून काढ म्हणून मागताय का?"

"मग काय, तिथंच ठेव म्हणून मागू?"

"सुईणबाई तापानं पडलीय."

"कोण सुईणबाई?"

"आई, मी जिच्या घरात राहते ती. जिनं मला इथली भाषा शिकवली. दर फोनला सांगते तुला."

सांगत असेलही. मावशी फोनवर दोनच गोष्टी ऐकायची, पोरगी जेवली का आणि झोपली का. बाकीचं या कानातून त्या कानात.

"तिच्यासाठी मागा," लेक म्हणाली. "उद्या गाडी येणार. ती उठून बसली तर मी निघते. तशीच पडून राहिली तर तिला कोणाच्या गळ्यात टाकू? नवरा केव्हाच गेला, पोरं लहान. दवाखान्यातले निम्मे स्वतःच आजारी आहेत."

"तिची माणसं बघतील की."

"मीच तिची माणसं."

"आणि मी कोण गं? भाडेकरू?"

"आई..." म्हणेपर्यंत फोन गेला. मावशीनं परत लावला, परत लावला. लागला नाही. मास्तर मशीनचं पायडल थांबवून बसले होते. त्यांनी तिचा गार चहा उचलून नेला आणि दुसरा आणून ठेवला.

मावशीनं पुढचा शर्ट ओढला. कॉलरच्या काजावर सुई टेकवली आणि मनात म्हणाली, डॉक्टर, जरा सरका. ती जागा तिनं सुईणीला दिली. प्रेमानं नव्हे. ती बाई उठली तर पोरगी गाडीत बसेल, एवढा सरळ हिशेब. टाके मात्र घट्ट घातले. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी जेवढे शर्ट आले तेवढ्या सगळ्यांच्या कॉलरी सुईणीच्या नावावर गेल्या.

बुधवारी पाळक उशिरा आले. आल्याबरोबर म्हणाले, "गाडी हद्दीबाहेर पोचली. देवाची कृपा."

खुर्च्या सरकल्या, कोणी हल्लेलूया म्हणालं. बेकरीवालीनं आभार मानायला तोंडही उघडलं. मावशी पाळकांच्या तोंडाकडे बघत होती. आनंदाची बातमी देणारा माणूस चष्मा का पुसतोय?

"माझी?" तिनं विचारलं.

"मी प्रार्थनेनंतर सांगणार होतो."

"आत्ता सांगा."

"ती बसली नाही गाडीत. ड्रायव्हरनं पुष्कळ समजावलं म्हणे."

मावशी उठून नकाशापाशी गेली. टाचणी होती तिथंच होती. तिच्या अवतीभवती किती मोठा मुलुख, आणि त्यात दुसरी टाचणी नाही. माणसं मात्र असणार. पुष्कळ असणार.

"प्रार्थना तुम्ही कराल, की मी करू?" पाळकांनी हळूच विचारलं.

"मीच करते." तिनं डोळे मिटले नाहीत. "देवबापा, ती सुईण आहे ना, तिला बरं कर. ती कोण, कशी, मला ठाऊक नाही. तिच्यावर माझी माया नाही, तुझ्यापाशी खोटं कशाला बोलू? तिच्यापायी माझी पोरगी अडकलीय. मला राग येतो तिचा. तरी तिला बरं कर. येशूच्या नावानं मागते."

आमेन कोणालाच सुचेना. प्रार्थना अशी असते का? शेवटी बेकरीवाली म्हणाली, "आमेन," आणि पदरानं नाक पुसलं.

त्यानंतर फोनच नाही. मावशीचं काम बिघडलं असं नाही, पण दुकानात तिचा आवाज बंद झाला. मास्तर मुद्दाम बटणं चुकीची देऊन बघायचे, ती भांडते का म्हणून. ती निमूट उठून डब्यातून बरोबरची बटणं काढून घ्यायची.

फोन आला तेव्हा ती काजाच्या मधोमध होती. अर्धवट काज कधी सोडत नाही, त्या दिवशी सोडलं.

"आई, सुईणबाई गेली."

"केव्हा?"

"गाडी गेली, त्याच दिवशी."

मावशीच्या तोंडून निघालं ते असं, "मग आता तू मोकळी झालीस. ये."

आपण काय बोललो ते मावशीला कळलं, पण परत घेता येईना, आणि खरं म्हणजे घ्यायचंही नव्हतं.

"कशी येऊ?" लेक म्हणाली. ओरडली नाही, तेच वाईट. "ती होती तोवर निघता तरी आलं असतं. आता बाळंतपणं कोण करणार इथली? काल एक केलं, आज रात्री दुसरं येईल. आणि तिची दोन पोरं माझ्या खाटेवर झोपतात. मी नुसती दारापर्यंत गेले तरी धाकटी उठून बसते."

काकाकडे द्या, मामाकडे द्या, कोणाकडेही द्या, असं मावशीच्या अगदी जिभेवर आलं होतं. समोर ते अर्धं काज पडलेलं. एका बाजूला टाके, दुसऱ्या बाजूला कापडाच्या दशा सुटलेल्या.

"जेवतात का नीट?" तिनं विचारलं.

"कोण, मी?"

"पोरं गं."

"थोरला जेवतो. धाकटीला भरवावं लागतं."

"तुलाही भरवावं लागायचं. घरभर हिंडून." मग, "नावं काय त्यांची?"

लेकीनं सांगितली. पहिलं जिभेवर बसलं, दुसरं बसेना. "पुन्हा सांग. सावकाश." लेकीनं तुकडे पाडून सांगितलं. मावशीनं म्हणून बघितलं. लेक हसायला लागली आणि हसता हसता तिचा आवाज ओला झाला.

"तुला ताप नाही ना?"

"आज नाही."

"आज नाही म्हणजे काय?"

"आई, इथं असंच सांगतात. आज नाही."

फोन ठेवल्यावर मावशीनं ते अर्धं काज उसवलं. मास्तरांनी चष्म्यावरून बघितलं. तिनं दशा कात्रीनं साफ केल्या, नवा दोरा मेणावरून ओढला आणि काज पहिल्यापासून केलं.

माणसांची वाटणी आता बदललीय. कॉलरवर सुईणीचा थोरला, त्याखाली धाकटी. तिचं नाव मावशी पुटपुटत राहते, अजून अडखळते. मग डॉक्टर, शाळावाले, विहिरीवाला. लेक वर कुठंच नाही. तिला मावशीनं सगळ्यात खाली टाकलं आहे, तिथल्या लोकांत.

त्या काजाला आता सगळ्यांत जास्त वेळ लागतो. दोरा संपत आला तर ती नवीन घेते. टाके इतके दाट की मागून बघितलं तर पुढची बाजू कुठली ते कळत नाही.

परवा मास्तर शर्ट उलटसुलट करत म्हणाले, "मावशी, पँटीत जाणाऱ्या काजाला एवढा दोरा? अहो, बघणार कोण?"

"तुम्ही तुमची कात्री चालवा," मावशी म्हणाली. शर्ट त्यांच्या हातातून ओढून घेतला, खालच्या काजावरून अंगठा फिरवला, आणि एक टाका जरा सैल लागला तसा तो पुन्हा उसवायला घेतला.