गिळल्यावर काय उरलं

देवळीच्या बाजारात एक मधवाला यायचा. डोक्याला दुपट्टा, पुढ्यात झाकणाचा डबा. गिऱ्हाइकाच्या हातावर थेंब ठेवायचा, आणि चाटल्यावर लगेच बोलू द्यायचा नाही. स्वतःही डोळे मिटून थांबायचा. एकदा माय घाईनं म्हणाली, "गोड हाये." तो हसला, "गोड त गूळबी असते, बाई. गिळल्यावर तोंडात काय उरलं, थे सांग."

आठवीत शाळा सुटली. पुढं पुण्यात बिअरच्या कारखान्यात टाक्या धुवायला लागलो. एक दिवस साहेबांनी मध घातलेल्या गव्हाच्या बिअरचा ग्लास पुढं केला. "चव नीट सांगितलीस तर चाखायच्या कामावर घेतो."

घोट गिळला आणि डोळे मिटून थांबलो.

"अरे, बोल की!"

"आधी भिजल्या गव्हाचा वास येतो. मध मागाहून येतो, जरासा कडवट. कडुनिंबाच्या फुलांचा असंल."

साहेब चमकले. "कुठं शिकलास रे?"

"देवळीले. वर्धा जिल्हा."

"तिथं तर दारूबंदी!" भोवतीचे सगळे हसले, मीही हसलो.

आता मी चाखायलाच बसतो. त्या मधवाल्याचं नाव आम्ही कधी विचारलं नाही; नावानं आठवता येत नाही, म्हणून पहिल्या घोटानंतर त्याच्यासारखा जरा जास्तच थांबतो.